वरीलप्रमाणे

जनगणनेच्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे. माझ्या एकाही पानावर रकाना रिकामा नसायचा. कोणी धर्म सांगायला कां-कूं केलं, की मी वरच्या ओळीखाली दोन छोट्या रेघा मारायचो. म्हणजे वरीलप्रमाणे. या टापटिपीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालंय. ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगलंय, तेही मीच.

ताईची गल्ली माझ्याच वाट्याला आली. दाजी आमच्या धर्माचे नाहीत. कुठल्याच कागदावर धर्म लिहायचा नाही, हे दोघांनी लग्नातच ठरवलेलं. "आमचा रकाना रिकामा ठेव हं," ताई म्हणाली. मी नंदीबैलासारखी मान डोलावली, चहा प्यायलो आणि ऑफिसात येऊन सवयीने दोन रेघा ओढल्या.

आकडे जाहीर झाले. ताईची गल्ली शंभर टक्के एकाच धर्माची निघाली. माझ्यासारखे हुशार इतरत्रही असणार, कारण देशाची टक्केवारीही फुगली. सभेत पुढारी म्हणाले, "हा देश कोणाचा, ते आता आकड्यांनीच सांगितलंय." मी टाळ्या वाजवल्या. आकडे माझे होते ना.

दाजी शिंपी. वीस वर्षं प्रभाग समितीवर गल्लीचे प्रतिनिधी, नळ तुंबला की लोक आधी त्यांच्याकडे येत. यंदा ते पुन्हा उमेदवारीचा अर्ज भरायला गेले, तर समितीच्या कार्यालयात त्यांच्यासमोर आकडे ठेवले. "या गल्लीत तुमच्या धर्माचं कोणी राहतच नाही. मग तुम्ही कुठले?" त्या दिवशी दाजींनी मशीनला हात लावला नाही.

"तू काय लिहिलंस?" ताईने मला विचारलं. तिच्यासमोर माझं खोटं लहानपणापासून टिकलेलं नाही. मला फार लाज वाटली.

दुरुस्तीसाठी मोजणी करणाऱ्यानेच चूक कबूल करायची असते. प्रशस्तिपत्र जाणार, बढतीही बहुतेक जाणार. तरी जनगणना कार्यालयात गेलो, म्हणजे ताईने नेलं. खिडकीतल्या बाई माझा अर्ज नोंदवहीत उतरवू लागल्या.

"तुम्ही धर्म लिहिला नाहीत."

"माझ्या चुकीचा आणि धर्माचा काय संबंध?"

"ते मला नका विचारू. रिकामा रकाना असला की अर्ज परत येतो. थांबा, मीच भरते." त्यांनी सराईतपणे दोन रेघा मारल्या. ही युक्ती त्यांना प्रशिक्षणात मीच शिकवली होती.

"वरचा माणूस कोण आहे?"

"कोण जाणे. सही करा, मागे रांग आहे."

माझं डोकं फिरलं. न विचारता माझा धर्म ठरवणाऱ्या तुम्ही कोण, हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ताईकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघत होती.

दाजींचा रकाना रिकामा व्हायचा, तर माझा असाच भरलेला जाऊ द्यायला हवा होता. मी तोंड मिटलं आणि सही केली.