मागच्या बाजूचं शून्य

ते शून्य पडद्यावर इतकं गोल, इतकं निश्चिंत दिसत होतं की हिल्केला त्याच्याकडे बघवेना. अवकाशातल्या वायूच्या ढगावर समोरून पडणारा ताऱ्याचा प्रकाश — आकडा मोठा, बरोबर. मागून पडणारा — शून्य. सिब्रेननं लिहिलेलं. ढग जाड आहे गं, तो म्हणायचा, मागचं इकडं पोचतंय कुठं... आणि गणितही सोपं व्हायचं.

पण ढगाच्या पोटात, जिथं गारठलेला अंधार असायला हवा, तिथला वायू उबदार निघत होता. म्हणजे ढग पातळ होता, मागं आणखी एक तारा होता, आणि त्याचाही प्रकाश ढगाची साल पोखरत होता, रेणू फोडत होता, उरलेल्यांना तापवत होता. शून्य काढून आकडा घातला की सगळं जुळत होतं. फक्त सिब्रेनचा शेवटचा शोधनिबंध खोटा पडत होता. पहिलं नाव त्याचं, दुसरं तिचं, छापायला होकार आजच द्यायचा — आणि आज त्याचा वाढदिवस. आकडा बदलला तर तो पुन्हा एकदा मरेल, असं तिला वाटे. नाही बदलला तर तिच्या मागं उभा राहून नुसता बघत राहील... मार्चमध्ये गेला तेव्हापासून उभा होताच.

इथं लायडनमध्ये ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. सकाळी बेकरीत तिनं सवयीनं सफरचंदाचा केक मागितला, आणि तो हातात आल्यावर तिला आठवलं, की आणणारा आता नाही. तरी तिनं तो संस्थेतल्या कॉफीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"केक कुणाचा?" शेजारच्या खोलीतला येल्ले म्हणाला. "तुझा तर फेब्रुवारीत झाला. वर्षातून दोनदा म्हातारी होतेस की काय?"

"सिब्रेनचा."

वाढदिवस एकाचा, अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं, ही इथली रीत. येल्लेचा हात आपोआप पुढं आला. "अभिनंदन, तुझ्या —" तो लालेलाल झाला. "माफ कर. जीभ घसरली."

"आता म्हण की पुरतं."

"...तुझ्या नवऱ्याबद्दल."

"थँक्स," ती म्हणाली.

ती परत येऊन बसली. शून्य तिथंच होतं. मागचा तारा त्याला दिसला नसेल? दिसला असणार. कंटाळा केला असणार. पातेलं घासतानासुद्धा आतून तेवढं लख्ख करायचा आणि काळी पाठ तिच्यासाठी ठेवून द्यायचा...

"आळशी मेला!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःच दचकली. इतक्या महिन्यांत ती त्याच्यावर पहिल्यांदाच चिडली होती, अगदी घरातल्या माणसावर चिडावं तशी. तिनं आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली. त्याला उत्तर द्यायचं असेल तर पुढं येता यावं म्हणून.