अनूच्या तोंडावरचं खेचर

मी खेचर बोलतोय. नाक मुरडू नका. मुरडायचंच असेल तर मी मुरडीन, माझ्याकडे कारणं आहेत. माझा बाप गाढव, आई घोडी आणि मालक बेलाईद. जुर्जुराच्या डोंगरात आमचं गाव आहे, आणि गावाच्या वर, कुरणापलीकडे, ती घाणेरडी जागा आहे. तिला आमच्याकडे अनू म्हणतात.

अनू म्हणजे जमिनीत सरळ खाली गेलेलं भगदाड. भर उन्हाळ्यातही त्याच्या पोटात बर्फ असतो. अशा जागेपासून शहाण्याने लांब राहावं. पण उन्हाळा लागला की शहरातून हौशी माणसं यायची आणि त्यांचे दोर, शिड्या, दिवे, डबे माझ्या पाठीवर चढायचे. कशासाठी? तर त्या भगदाडात उतरायला!

सुरुवातीच्या मोहिमा परदेशी साहेबांच्या होत्या. ते कार्बाइडचे दिवे वापरायचे. त्या दिव्यांचा उग्र वास माझ्या खोगिरातून अजून गेलेला नाही. साहेब गाणी म्हणत उतरायचे आणि चिखलाने लडबडून वर यायचे. मग एकमेकांना अशा मिठ्या मारायचे की जणू खाली कुणाचं लग्न लागलं. जळून उरलेला कार्बाइडचा पांढरा राडा मात्र आतच टाकायचे. मासळीचे रिकामे डबेही आतच. आणि वर येऊन म्हणायचे, "काय निर्मळ जागा आहे!" मला त्यांची तेव्हाच किळस आली.

पण परक्यांना नावं ठेवून काय उपयोग? आमच्या गावाने तर कहर केला होता. गावात जनावर मेलं की ते अनूत जायचं. मेंढी, गाय, कुत्रं, खेचर, काहीही. पुरायचं तर जमीन खडकाळ, कुदळ चालवणार कोण? उघड्यावर टाकलं तर कोल्हे येतात. मग चार जण मिळून ओढत न्यायचे, ढकलून द्यायचे आणि हात झटकत म्हणायचे, "आतलं पाणी खाली इघीलला जातं. आपलं काय जातंय?" इघील हे खालचं गाव. त्यांच्याशी आमच्या गावाचं कुरणावरून जुनं वाकडं होतं.

माझ्या शेजारच्या दावणीला करडी होती, माझ्यासारखीच खेचराची जात. तिने जन्मभर बेलाईदचे ऑलिव्ह वाहिले. एका हिवाळ्यात ती मेली, तेव्हा त्याने तिचा लगाम तेवढा काढून घेतला, कारण कातडं चांगलं होतं. बाकीची करडी अनूत गेली. तो लगाम पुढे माझ्या तोंडात आला. त्याची चव काय असेल, ती तुमची तुम्ही ओळखा.

मग सेक्कुरा आली. आमच्याच गावची मुलगी, शहरात जाऊन तिला हा गुहांचा नाद लागला होता. चार सोबती घेऊन ती आली आणि पहिल्याच दिवशी अनूत उतरली. बेलाईद काठावर बसून जवाची भाकरी आणि सुकी अंजिरं खात होता. सेक्कुरा वर आली ती तोंड दाबत, आणि दोरातून सुटताच भडाभडा ओकली.

"काका, खाली काय आहे माहीत आहे?"

"काय असणार? दगड."

"हात टेकला तर बरगड्यांत गेला! अर्धी सडलेली, अर्धी बर्फात अडकलेली. आणि त्यांच्यातून पाणी वाहतंय, काका!"

"मग हात धू आणि जेव," असं म्हणून बेलाईदने भाकरी पुढे केली.

सेक्कुरा माझ्याजवळ येऊन हातमोजे काढायला लागली. त्या सडक्या वासात मला करडी सापडली. मी मागे सरलो. बेलाईद हसला. "बघ, याला पण तुझी घाण सोसेना." तिची घाण म्हणे!

ते पाणी कुठे निघतं, याचा छडा लावायचं सेक्कुराने ठरवलं. अंगाला न बाधणारा हिरवा रंग तिने आतल्या ओहोळात कालवला. "इघीललाच निघणार, लिहून घे," असं बेलाईदने छातीठोक सांगितलं. म्हणून तिचे सोबती इघीलच्या झऱ्यावर जाऊन बसले. बसून बसून कंटाळले, तरी तिथलं पाणी स्वच्छ ते स्वच्छच.

हिरवं झालं ते आमच्या गावचं पाणी. बेलाईदची बायको देहबिया हिने झऱ्याला हंडा लावला आणि ती किंचाळलीच. तिच्या नातवाचं पोट वर्षभर ठिकाणावर नव्हतं. सगळी औषधं करून झाली होती. आणि त्या पोराला ती रोज हेच पाणी पाजत होती.

पुरुषांची बैठक बसली. मी दारातच बांधलेला होतो. "इघीलवाल्यांनी विष घातलं!" असा आधी गलका झाला. मग सेक्कुराने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. तेवढ्यात बेलाईद उठला.

"ठीक आहे. या अनूत आता काही टाकायचं नाही. टेकडीपलीकडे दुसरं अनू आहे. त्याचं पाणी तरी नक्की इघीलला जातं."

"कशावरून?" सेक्कुराने विचारलं.

"अगं, पलीकडे आहे ना ते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. थू! बायकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या बैठकीत बायका नसतातच.

माझे गुडघे तेव्हा कामातून गेले होते. एका सकाळी बेलाईदने मला खोगीर न घालताच बाहेर काढलं. शेजाऱ्याने विचारलं, "कुठे?" बेलाईद म्हणाला, "पलीकडच्या अनूला. मेल्यावर टेकडी चढवून ओढत नेणार कोण? पाय चालतात तोवर नेलेलं बरं." शेजारी म्हणाला, "डोकं आहे तुला!"

भीती वाटलीच, पण त्याहून जास्त शिसारी आली. जिथे वाट फुटते तिथे मी हिसका दिला आणि झऱ्याच्या वाटेने सुटलो. सकाळच्या वेळी झरा बायकांचा. तिथे पुरुष पाऊल टाकत नाही, टाकलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. बेलाईद वळणाशी थांबला आणि रीतीप्रमाणे पाठ करून ओरडला, "देहबिया, खेचर हाकल इकडे!"

मी कुंडाशेजारी फतकल मारून बसलो.

"बिनखोगिराचं कुठे निघालात ते घेऊन?" देहबियाने विचारलं.

"पाला आणायला."

"पाला काय तुमच्या डोक्यावरून आणणार होतात?"

बायका खो खो हसल्या. एकीने सांगितलं, "आजी, पलीकडच्या अनूला नेतायत. माझ्या नवऱ्यानेच सकाळी ऐकलं." हसणं थांबलं. देहबियाने हंडा खाली ठेवला.

"वर बसून तुम्ही ठरवलंत. आता इथे आम्ही ठरवतो. हे इथून हलणार नाही. झऱ्याच्या खाली, ओढ्यापासून लांब, माती आहे. तिथे खड्डा खणा."

"अगं, ते अजून मेलंय कुठे?"

"म्हणून तर वेळ आहे तुमच्याकडे."

"आणि नाही खणला तर?"

"तर घरात पाण्याचा थेंब येणार नाही. जा, अनूत उतरा आणि भरून आणा! तुमची जनावरं आहेतच तिथे, वाढतील."

दुसऱ्या दिवशी कुदळी निघाल्या. सेक्कुराची माणसं आता अनूत उतरून हाडं आणि गाळ गोण्यांत भरून वर काढतात, आणि त्या गोण्याही याच मातीत पुरायच्या आहेत. पुरुष कण्हत, शिव्या देत खणतायत. मला कुणाचा कळवळा येत नाही. माणसांचा वीट आलाय तो आलाच. वाचकहो, तुमच्याकडे मागणं एवढंच आहे: आपली घाण दुसऱ्याच्या पाण्यात ढकलण्याआधी ते पाणी कुठे निघतं, ते एकदा बघून या.

मी इथे उन्हात बसून जव खातोय. बेलाईदच्या हाताला फोड आलेत. रोज तो खड्ड्यातून डोकं वर काढतो, माझ्याकडे आशेने बघतो आणि देहबियाला हाक मारतो, "बास का आता?"

"अजून खोल," देहबिया वरून सांगते.

मला काही घाई नाही.