दहा गुंठे

अकरा एकरांतल्या हक्काच्या बदल्यात विजयाला एक काठापदराची साडी मिळाली होती. साडी चांगली होती, नाही असं नाही. भावजय शर्मिलाने पुण्याहून मुद्दाम मागवलेली, जांभळी, आणि तिच्यावर नारळ ठेवायचीही आठवण ठेवली होती. कोकणात बहिणीने हक्क सोडला की तिची अशी बोळवण करायची रीत आहे. बहीण हसत सही करते, भाऊ साडी देतो, आणि माहेरचा उंबरा तिला शाबूत राहतो. वाटा मागणारीला मात्र मग चवथीच्या गणपतीला कुणी बोलावत नाही.

विजया आखाती देशातल्या फिंतास गावच्या एका दवाखान्यात गेली एकतीस वर्षं नर्स होती. धाकटा भाऊ चंद्रहास शुऐबाच्या कारखान्यात इंजिनियर. त्याला इथे तिनेच आणलं होतं, त्याच्या पहिल्या व्हिसासाठी अरबांच्या दारात खेटे तिनेच घातले होते. पण हे आता कुणी बोलून दाखवत नसे. विजया तर मुळीच नाही.

गावाकडे त्यांचं वडिलार्जित रान होतं. वरकस जमीन, भात पिकायची नाही, पण ऐन आणि किंजळीची झाडं माजलेली, आणि खालच्या अंगाला व्हाळ, ज्याचं पाणी मे महिन्यातही आटायचं नाही. शहाण्णव साली विजयाने पाठवलेल्या पैशातून बाबांनी चारशे सागाची रोपं लावली. आता ते साग कवेत घ्यावे एवढे झाले होते. गोव्याकडच्या कुणा पार्टीला उभ्या झाडांसकट सगळं रान हवं होतं, आणि तेही रोकड्याने. चंद्रहासला पुण्यात बंगला घ्यायचा होता, म्हणजे सगळं कसं जुळून आलं होतं.

"ताई, तुझी नुसती सही होयी. बाकी तुका काय करूक नको," तो म्हणाला होता.

विजयाचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. ते संपलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपणार, इकामा संपला की दवाखान्याने दिलेली खोली जाणार. एकतीस वर्षं राहिलेल्या देशातून माणूस दोन बॅगा घेऊन निघतो, हे तिने इतरांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं. विमानतळावर त्यांना सोडायला ती स्वतः गेली होती. पण ते सगळे कुठेतरी जात होते. आपण कुठे जायचं, हा प्रश्न तिला गेलं वर्षभर जेवतानाही सोडत नव्हता.

म्हणून साडी हातात घेतल्यावर तिने, आयुष्यात पहिल्यांदा, भावाकडे काहीतरी मागितलं होतं.

"चंदू, माका व्हाळाकडचे धा गुंठे ठेव. एक खोली बांधतलंय. बाकीचा तू इक."

"अगो, घेणारो तुकडो ठेवूक देणा नाय. घेईन तर सगळा, नायतर काय नको, म्हणता." चंद्रहासचा चेहरा इतका पडला की तिलाच वाईट वाटलं. "आणि खोली कित्याक? तू आमच्याकडे पुण्याक रवतलंस. आमी काय मेलव?"

शर्मिला तेव्हा कपबश्या आत नेत होती. 'राहा ना' म्हणायला ती थांबली नाही. विजयाने ते पाहिलं, आणि तरीही मान डोलावली. तिची तीच सवय होती.

आज तिघं शहरात, भारतीय वकिलातीत आली होती. विजयाला गावी जायला रजा नव्हती, म्हणून हक्कसोडपत्राच्या नोंदणीला तिच्या वतीने शर्मिलाने उभं राहायचं, असं कुलमुखत्यारपत्र सावंतवाडीच्या वकिलाने पाठवलं होतं. ते इथे साक्षांकित करून घेतलं की काम फत्ते. पुढच्या आठवड्यात शर्मिलाचं विमान होतं.

खिडकीमागच्या मुलीने कागद वाचला, पासपोर्ट उघडला, पुन्हा कागद वाचला.

"मॅडम, हसबंड का नाम?"

"नहीं है," विजया म्हणाली.

"एक्स्पायर हो गए?"

"शादी ही नहीं हुई."

मुलगी गोंधळली. तिने कागद काचेखालून पुढे सरकवला आणि मधल्या एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. मजकूर मराठीत, शेजारी इंग्रजीत. विजयाने वाचलं. 'लिहून देणार यांचे लग्न झाले असून त्या आपल्या सासरी सुखाने नांदत आहेत, सबब माहेरच्या मिळकतीची त्यांना आवश्यकता नाही.'

वकिलाचा ठरलेला मसुदा होता तो. गावातल्या सगळ्या बहिणी याच ओळीवर सही करत आल्या होत्या. वकिलाला काय माहीत, त्याने नावं घातली आणि छापला. पण चंद्रहासने तो कागद दोनदा वाचला होता. विजयासमोर बसून, चष्मा लावून, आकडे आणि सर्व्हे नंबर तपासत वाचला होता. या ओळीवरून त्याची नजर दोन्ही वेळा घसरून गेली होती. सख्ख्या बहिणीचं लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही, घराला पैसे पाठवता पाठवता कोणती स्थळं परत गेली, हे या जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. विजयाला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग एवढा जुना निघाला की तिची तीच दचकली.

"टायपिंग मिस्टेक," चंद्रहास हसून मुलीला म्हणाला.

समोरच्या टायपिंगच्या दुकानात ओवैस नावाचा माणूस असले कागद पाच मिनिटांत दुरुस्त करून द्यायचा. चंद्रहास कागद त्याच्याकडे टाकून आला आणि उन्हातून पळत गाडीत शिरला. एसी चालू करून तिघं वाट बघत बसली. शर्मिला पुढे, विजया मागे. तेवढ्यात फोन आला, आणि गाडीच्या स्पीकरवरून गावच्या दलालाचा आवाज घुमला.

"साहेबानू, काम झाला. तुमचे व्हाळाकडचे धा गुंठे पार्टीन वेगळे काढून दिल्यान. मोजणीवाल्यान खुणा पण घातल्यान. कागद वैनीच्याच नावार करूचो मा?"

चंद्रहासने बटण दाबेपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

शर्मिला खिडकीबाहेर बघू लागली, जणू बाहेर पार्किंगशिवाय काही बघण्यासारखं होतं.

"ता तुझ्यासाठीच, ताई," चंद्रहास म्हणाला. मागे वळायचं मात्र त्याने टाळलं. "फार्महाऊस बांधूया म्हटला. तू कधीय येवन रव. तुझाच घर ता."

"मग तुकडो ठेवूक देणा नाय म्हणान माका कित्याक सांगलंस?"

"तू एकटी थंय रानात काय करतलंस? तुझ्या काळजीनच..."

"काळजीन," विजया म्हणाली. तिला हसूही आलं, कडू असं. मार्चपासून ती तिथे पाहुणी म्हणून जाणार होती, वहिनीला विचारून, किल्ली मागून. तिच्या पैशातून लावलेल्या सागांच्या जागी तोपर्यंत बुंधेही राहणार नव्हते. तिने पर्स उचलली, दार उघडलं आणि खाली उतरली. बाहेरची धग आत आली.

"ताई, खय चललंस? सही रवली."

"माका माझो वाटो होयो, चंदू."

हे वाक्य तिने कधी मनातही म्हटलं नव्हतं. तोंडून निघालं तेव्हा अगदी साधं वाटलं, बाजारात भाजी मागावी तसं. अकरा एकरांतले साडेपाच. दहा गुंठे मागितले होते तेव्हा तो 'हो' म्हणाला असता, तर तिने बाकीचं आनंदाने लिहून दिलं असतं.

चंद्रहास आता वळला. "बहिणीन वाटो मागूचो? गावात लोक काय म्हणतले? ह्या वर्षीपासून चवथीक येव नको मग. तुझो आमचो संबंध सोपलो समज."

"समजलंय."

तिला वाटलं होतं, हे ऐकून आपण कोसळू. इतकी वर्षं याच एका वाक्याला घाबरून ती हसत आली होती. छातीत दुखलं, खरंच दुखलं, पण पाय उन्हात घट्ट उभे होते. चंद्रहासच्या ते लक्षात आलं असावं. त्याने आवाज उतरवला, लहानपणी काही हवं असलं की उतरवायचा तसा.

"ताई, इचार कर. आमच्याशिवाय कोण आसा तुका?"

"कोण नाय," विजया म्हणाली. "म्हणानच माका जमीन होयी."

तो पुन्हा पुढे वळला. गाडीतला गारवा बाहेर चालला होता, म्हणून शर्मिलाने सीटवरून मागे वाकून दार ओढून घेतलं.