हरणीचा रस्ता

“मामा, गाडी मागं घ्या. आजपासनं हा रस्ता एकेरी झालाय.”

तालमीच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रॅफिकच्या पोरीनं हात आडवा केला आणि बाळासोनं करकचून ब्रेक दाबला. त्याची जुनी राजदूत फटफटी दोन उचक्या देऊन बंद पडली. पण त्याच्या मागून येणाऱ्या हरणीला ब्रेक नव्हता. ती म्हैस होती. तिनं आडव्या हाताकडे एकदा पाहिलं, पोरीला वळसा घातला आणि रोजच्या चालीनं सरळ पुढे निघाली.

“आणि ही?” पोरीनं विचारलं.

“म्हस हाय ती,” बाळासो म्हणाला. दुसरं काय सांगणार?

कोल्हापुरात दूध पिशवीतून येतं, तसं ते म्हशीबरोबर चालतही येतं. पेठेतल्या मारुतीच्या देवळासमोर एक दगडी कट्टा आहे. दिवस कलला की हरणी त्या कट्ट्यापाशी येऊन उभी राहते, बाळासो उकिडवा बसून धार काढतो आणि माणसं पेला पुढे करून तिथंच, फेसासकट, उभ्या उभ्या दूध पितात. त्यात कुस्ती सोडून पोट सुटलेले पैलवान असतात, क्लासवरून आलेली पोरं असतात आणि डॉक्टरनं दूध बंद करायला सांगितलेली दोन-चार म्हातारी माणसंही असतात.

हरणी ही बाळासोच्या बायकोची, शेवंताची. राधानगरीकडच्या माहेराहून तिनं ती रेडकू असताना आणली होती. माहेरचं काही आणायचं तर लोक भांडी आणतात, हिनं म्हैस आणली, असं बाळासो तेव्हा चारचौघांत म्हणाला होता आणि त्याबद्दल आठवडाभर आमटीत मीठ कमी मिळालं होतं. पुढे रोज संध्याकाळी शेवंताच हरणीला कट्ट्यावर न्यायची. बाळासो धार काढेपर्यंत दावं हातात धरून म्हशीच्या तोंडापाशी उभी राहायची. हरणीसारख्या गरीब म्हशीला धरून ठेवायची काहीच गरज नव्हती, पण शेवंता धरायची.

शेवंता गेली आणि पाठोपाठ बाळासोच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला. मग त्यानं राजदूत बाहेर काढली. तो पुढे फटफट करत हळू जायचा आणि हरणी मागून यायची. गाडीचा आवाज तिच्या कानात असा बसला की दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायच्या मिरवणुकीत, शिंगांना मोरपिसं बांधलेली हरणी राजदूतच्या मागे सुसाट सुटायची आणि सगळी पेठ शिट्ट्या मारायची. वर्षातला तो एक दिवस सोडला तर ती नावाचीच हरणी. बाकीचे दिवस तिला कसलीही घाई नसायची.

आता हा तालमीपासून देवळापर्यंतचा रस्ता एकेरी कुणी केला, तर त्र्यंबक सरांनी. शाळेतून निवृत्त झालेले सर कट्ट्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, मीनाक्षीवहिनी, हातात रिकामा पेला घेऊन रस्ता ओलांडत होत्या. एका बाजूला बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं मोटारसायकल आली. खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वहिनींच्या हातात वॉकर आला आणि त्या घराबाहेर पडायच्या बंद झाल्या. सर रोज संध्याकाळी पेला घेऊन यायचे, दूध भरून न्यायचे आणि वहिनी ते दारातल्या खुर्चीवर बसून प्यायच्या. तोवर फेस बसलेला असायचा.

त्या दिवसापासून सर रस्त्याच्या मागे लागले. दारोदार सह्या गोळा केल्या. किराणा दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक तुटेल. रिक्षावाले म्हणाले, वळसा पडेल. शाळेत पोरं सोडणाऱ्या बायांनी मात्र पदर खोचून सह्या केल्या. आणि सगळ्यात पहिली सही होती बाळासोची. वहिनींना रस्त्यावरून त्यानंच उचललं होतं. गाड्या एकाच बाजूनं येणार म्हणजे नक्की कुठल्या बाजूनं, हे त्यानंही विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही. हरणी दोघांच्याही ध्यानात आली नाही.

आणि गाड्या आता देवळाकडून तालमीकडे येणार होत्या. बाळासोचा गोठा तालमीच्या मागे.

पोरीच्या शर्टावर मैथिली असं नाव लिहिलेलं होतं. तिला बाळासोनं परोपरीनं सांगून पाहिलं. ती उद्धट नव्हती, पण ऐकणारीही नव्हती. “तुमाला सोडलं तर मागनं सगळी पेठ यील, मामा,” ती म्हणाली. तेही खरंच होतं. हरणी तोवर वळणाआड गेली होती. बाळासोनं गाडी फिरवली आणि भाजी मंडईला वळसा घालून, ट्रक-डंपरच्या मोठ्या रस्त्यानं, घामाघूम होत निघाला. वाटेत दोन सिग्नल लागले. हरणी कुणाच्या गाडीखाली आली असेल, बुजून कुठल्या बोळात शिरली असेल, म्हणून तो प्रत्येक बोळाच्या तोंडाशी मान वळवून बघत होता.

देवळापाशी पोचला तर हरणी तिच्या जागेवर उभी राहून रवंथ करत होती. कट्ट्याशेजारी पंक्चरचं दुकान असलेल्या गौसनं तिच्यापुढे पाण्याची बादली ठेवली होती.

“कुठं फिरत हुतास?” गौसनं विचारलं. “म्हस कवाची आलीया. मानसं खोळंबल्यात.”

ट्रक-डंपरमधून म्हशीला न्यायची सोय नव्हती, मग हाच पायंडा पडला. तालमीच्या कोपऱ्यावर बाळासो हॉर्न वाजवायचा, हरणी सरळ जायची आणि तो मंडईला वळसा घालून मागून पोचायचा. समोरून येणाऱ्या गाड्या आपणहून बाजूला व्हायच्या. पेठेला नवी करमणूक मिळाली. किराणा दुकानदार, जो सरांशी बोलायचा बंद झाला होता, तोही दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहू लागला. नियम मोडून कुणीतरी राजरोस चाललंय, हे बघून त्याला बरं वाटायचं. सर मात्र कट्ट्यावर आले की बाळासोच्या नजरेला नजर देत नव्हते. बाळासोच्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं ते वेगळंच. एवढी वर्षं आपण हिला नेतो असं तो समजत होता आणि हिला तर वाट पाठ होती.

घरी ऋतुराज, त्याचा मुलगा, एमआयडीसीतून दमून यायचा आणि एकच गोष्ट सांगायचा. बाबा, तुमच्या गुडघ्यांना आता हे झेपत नाही, हरणीला चांगल्या घरी देऊया. हातकणंगल्याचा एक शेतकरी बघून गेला होता. रान होतं, विहीर होती, माणूस मायेचा होता. ऋतुराजचं काही चूक नव्हतं, म्हणूनच बाळासोला त्याच्यावर चिडताही येत नव्हतं. कट्ट्यावरची धार चालू आहे तोवर हरणी दारात राहील, ज्या दिवशी ती बंद पडेल त्या दिवशी पावण्याला बोलव, एवढं बाळासो बोलून बसला होता.

शनिवारी ती वेळ येऊन ठेपली. कुणा मोटारवाल्यानं तक्रार केली होती की एक बेवारस म्हैस रोज उलट्या दिशेनं येते. बेवारस हा शब्द बाळासोला फार लागला.

“मला बी बरं वाटत न्हाय, मामा,” मैथिली म्हणाली. “पर जनावर एकटं दिसलं तर कोंडवाड्यात घाला म्हणून वरनं सांगितलंय. उद्यापासनं तिच्यासंगं मानूस पायजे.”

त्या संध्याकाळी धार काढताना बाळासोनं मान वर न करता सांगून टाकलं की उद्याचा दिवस शेवटचा. गुडघे चालू देत नाहीत, गाडी कायदा चालू देत नाही. हातकणंगल्याचे पावणे उद्या येतायत. गौस उगीचच चांगल्या टायरमध्ये हवा भरत बसला. सर पेला घेऊन परत निघाले तेव्हा निम्मं दूध रस्त्यावर सांडलं. समोर दारात बसलेल्या वहिनींनी सगळं ऐकलं होतं. बाळासोचा आवाज धार काढतानाही खालच्या पट्टीत येत नसे.

रविवारी बाळासोनं ठरवलं की काय व्हायचं ते होवो, शेवटच्या दिवशी तरी आपण हिच्याबरोबर पायी जायचं. तालमीपाशी राजदूत उभी केली, दावं हातात घेतलं आणि दात-ओठ खाऊन चालायला लागला. दावं ताणलं गेलं. हरणी जागची हलली नव्हती. मालक पायी चाललाय आणि गाडी गप्प उभी आहे, हे तिच्या हिशेबात बसेना. ती मागे वळली आणि राजदूतच्या सीटला नाक लावून उभी राहिली. बाळासोनं चुचकारलं, थोपटलं, शेवटी एक शिवीही दिली. मग तो तालमीच्या पायरीवर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

“बाळासो, गाडी चालू करा.”

समोर त्र्यंबक सर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. शाळेत जायचे तसेच आले होते.

“तुम्ही मंडईकडून या. हिच्याबरोबर मी जातो.”

“सर, तुमी? म्हस कधी धरलीया का?”

“नाही. पण रस्ता मी फिरवलाय.” सरांनी दाव्यासाठी हात पुढे केला. “मीनाक्षी कालपासून एकच वाक्य बोललीये. म्हणाली, तुम्ही रस्ता माझ्यासाठी केलात ना, मग हरणी गेल्यावर तो ओलांडून मी कुणाकडे जायचं?”

बाळासो पायरीला हात टेकून उठला. त्यानं विचारलं, “आजच्याला ठीक हाय. रोज कोन जानार?”

“मीच. मला संध्याकाळी दुसरं काय काम असतं?”

मैथिली ऐकत होती. तिनं हात आडवा केला नाही, उलट पुढून येणारी रिक्षा थांबवली आणि म्हणाली, “मानूस हाय न्हवं संगं, मग झालं. सर, तेवढं एका कडंनं चला.”

बाळासोनं किक मारली, हॉर्न दिला आणि हरणी निघाली. तिला एका कडेनं चालायची सवय नव्हती. ती रस्त्याच्या मधूनच चालली आणि सर दावं मुठीत घट्ट धरून, तिला रोजच्यापेक्षा सावकाश चालवत, तिच्या गळ्याशी चालू लागले. पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोराचं बोट धरावं तसं त्यांनी दावं धरलं होतं. पोर कोण होतं, ते मात्र सांगणं कठीण होतं.

मंडईचा वळसा तोच होता, सिग्नल तेच होते. पण आज बाळासोनं एकाही बोळाकडे मान वळवली नाही. शेवंता गेल्यापासून हरणीच्या शेजारून कुणी चाललं नव्हतं. तो गाडीवर पुढे असायचा, शेजारी नसायचा. आज तिच्या शेजारी माणूस होता, याचं त्याला इतकं बरं वाटलं की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही आणि मागच्या टेम्पोवाल्यानं त्याला चार शब्द सुनावले.

देवळाकडून तो रस्त्यात शिरला आणि बघतो तर समोर मीनाक्षीवहिनी उंबरा उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या. एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात वॉकरबरोबरच धरलेला पेला. त्या गाड्या येतात त्या बाजूला बघत होत्या. त्यांनी बाळासोला बघितलं आणि हात वर केला. बाळासोनं राजदूत तिथंच आडवी लावली. मागे दोन स्कूटर आणि एक मोटार थांबली. मोटारवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तसा गौस पाना हातात घेऊनच रस्त्यात येऊन उभा राहिला. हॉर्न बंद झाला.

वहिनी निघाल्या. अर्ध्या रस्त्यात त्यांनी जुन्या सवयीनं दुसऱ्या बाजूलाही बघितलं. तिकडून फक्त हरणी येत होती आणि तिच्याबरोबर, शर्टावर शेणाचा भलामोठा शिंतोडा घेऊन, सर येत होते. वहिनी रस्त्यात उभ्या राहून हसल्या. मग उरलेला रस्ता सावकाश ओलांडून कट्ट्यावर येऊन बसल्या.

गौसच्या बाकड्यावर हातकणंगल्याचे पावणे केव्हापासून बसले होते. ते उठले, हरणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाळासोला म्हणाले, “मग काय ठरलं म्हनायचं?”

“बसा, पावणं,” बाळासो म्हणाला. “आदी दूध प्या.”

तो उकिडवा बसला. कास धुतली, हात फिरवला. रस्ता तिला पाठ असेल, बरोबर तो नसला तरी चालत असेल, पण पान्हा ती त्याच्याच हाताला सोडायची. पहिली धार वहिनींच्या पेल्यात गेली. त्यांनी फेसासकट पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली होती. दोन वर्षांनी उमटली होती. ती पुसायची त्यांना घाई नव्हती.

पावण्यांनी दूध संपवलं, पेला विसळून कट्ट्यावर उपडा ठेवला. सगळीकडे एकदा बघितलं.

“देत न्हाईसा तुमी ही,” ते म्हणाले.

“न्हाय जी,” बाळासो म्हणाला. “माफी करा. पर दूध प्यायला येत जावा.”

पावणे हसत हसत एसटी गाठायला गेले. एकेक पेला पुढे येत राहिला. बऱ्याच वेळानं बाळासोनं धार काढता काढता मान वर केली. हरणीच्या तोंडापाशी सर ताठ उभे होते. त्यांनी दावं अजून हातातच धरलं होतं. आता सोडलं तरी चालतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाळासोनंही ते सांगितलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि पुढचा पेला घेतला.