निंबाकडची लाईन

"पाय जपून टाक वं," नत्थूजी मागे न पाहताच म्हणाला. "पुसून जाईन सारं."

"मी काय बैल हाव का, पुसाले?" त्याची बायको जयवंता म्हणाली, पण लुगडं जरा वर खोचून ती त्याच्या मागे हलक्या पावलाने चालू लागली.

माघातली सकाळ होती. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या कडेचं ते मैदान धुक्यात असं पडलं होतं, जणू अजून कोणाच्या तरी झोपेतच होतं. दहिवराने धूळ बसली होती आणि कालच्या फुटबॉलची सारी पावलं त्या धुळीत निजली होती. वर्ध्याच्या पोरांचे बूट, आर्वीच्या पोरांचे अनवाणी तळवे, मधूनच एखाद्या कुत्र्याचा पंजा. नत्थूजीचं पाऊल त्यांत वेगळं ओळखू येई. त्याच्या कॅनव्हासच्या जोड्याला सायकलच्या टायरचा तळ ठोकलेला होता. धुळीत त्याची नक्षी उमटे, सुपाच्या विणीसारखी.

गुरं सुटली की हे सगळं मोडणार. म्हणून सामन्याच्या दुसऱ्या सकाळी तो इथं येई आणि मैदानभर स्वतःलाच शोधत फिरे. आपण कुठं धावलो, कुठं दमलो, कुठं नुसतेच उभे राहिलो, हे रेफ्रीला सांगणार कोण? लोक शिव्या देतात. शिव्यांतून काही कळत नाही.

आज मात्र त्याला एका वाक्याने ओढून आणलं होतं. काल निंबाकडच्या कोपऱ्यात चेंडू त्यांच्याच पोराच्या हाताला लागला म्हणून त्याने आर्वीचा गोल नाकारला. आर्वीचा कॅप्टन बंडू भांडला नाही. घाम पुसत एवढंच म्हणाला, "रेफ्रीसाहेब, तुमी होतेच नाई तिथं." ते कुसळासारखं आत राहिलं होतं.

"हे पाहा," जयवंता थांबली. "तुमचं पाऊल इथपावतर सरळ येते. अन् मंग वळते."

नत्थूजी वाकला. टायरची वीण गोलाकडे धावत येत होती आणि निंबाजवळ आली की हळूच मैदानाच्या मध्याकडे कलत होती. एकदा नाही, दर वेळी. ओढा खडकाला वळसा घालतो तशी.

"तिथं काय साप होता?"

"साप नाई वं. नाझर."

नत्थूजी कोर्टात चपराशी, आणि सारे चपराशी कोर्टाचा कारभार पाहणाऱ्या मधुकरराव नाझरांच्या हाताखाली. रविवारी नाझर आपल्या मित्रमंडळींना घेऊन निंबाखाली सतरंजीवर बसत, शेंगा फोडत. नत्थूजी जवळून गेला की हाक येई, "ए नत्थू! गोलची तारीख पडली का बे?" मग दुसरा कोणी, "कोर्टात पानी पाजते अन् इथं फैसला देते बाप्पा!" हशा पिके. नत्थूजीही हसे. आपल्याला काही लागत नाही, असं त्याला वाटे. पायांना मात्र लागत होतं.

जयवंता गुणगुणली, शेण वेचताना गुणगुणे तशी:

माती माझी माय, माती खरी साक्षी,
मनातलं भेव सांगे पायाची गं नक्षी.

"येत्या रविवारी फायनल हाय," नत्थूजी म्हणाला. "वर्धा अन् सेलू. शिट्टी देऊन टाकतो कोनाले."

"काऊन?"

"सोमवारी नाझरच्याच टेबलासमोर उभं राहा लागते मले."

"उभं त तसंही राहाच लागते," जयवंता म्हणाली.

त्या आठवड्यात कोर्ट सुटलं की तो मैदानावर येई आणि निंबाकडच्या लाईनने एकटाच धावे. निंबाखाली कोणी नसे, तरी पाय आपोआप आत कलत. एका संध्याकाळी जयवंता सरळ जाऊन नाझरांच्या जागी बसली. पश्चिमेला केशरी धूळ तरंगत होती. तो जवळ आला तशी तिने तोंडाला पदर लावला, मग काढला, आणि ओरडली,

"ए नत्थू!"

तो जागच्या जागी थांबला. लग्नात उखाण्याआडून नाव घेतलं तेवढंच. त्यानंतर तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. 'अवो', 'ऐकता काय', यांतच सारा संसार झाला होता.

"काय म्हनून राह्यली वं? बाई मानूस नवऱ्याचं नाव घेते का?"

"मी कुठची बाई? मी नाझर हाव. पळ मुकाट्यानं! ए नत्थू, तारीख पडली का बे?"

तिचे कान लाल झाले होते. नत्थूजी पोट धरून हसला, मग धावला. ती हाका मारत राहिली, तो लाईन धरून जात-येत राहिला. अंधार पडेपर्यंत ते नाव हवेत इतक्यांदा फिरलं की त्यातला काटा झिजून गेला, नुसता गोडवा उरला.

फायनलला मैदानाभोवती माणूस मावेना. खेळ संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात निंबाकडच्या बाजूला, पेनल्टीच्या चौकटीत, वर्ध्याच्या पोराने हात घातला आणि सेलूचा गोलाकडे जाणारा चेंडू अडवला. नत्थूजी तिथंच होता. हाताभरावर. त्याने बोटं पाहिली, चेंडू पाहिला.

"ए नत्थू!" मधुकरराव उठून उभे राहिले. "उद्या कोर्टात येजो मंग!"

नत्थूजीने शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या जागेकडे बोट केलं. सेलूने गोल केला. सेलूकडचे लोक नाचले. आपल्या गावाला हरवणारा आपलाच माणूस, त्याला वर्ध्याच्या लोकांनी शिवीही दिली नाही.

खेळ थोडा उरला होता. चेंडू पुन्हा निंबाकडे आला आणि नत्थूजी त्याच्यामागे लाईन धरून धावत निघाला. गर्दीत सतरंजी पुढे सरकली होती, मंडळींचे पाय चुन्याच्या रेषेवर पसरले होते. तो जवळ आला तसे ते पाय एकेक करून आखडले गेले. एक चप्पल तेवढी रेषेवर राहिली. मधुकररावांनी वाकून, हात लांबवून, ती मागे ओढून घेतली.

नत्थूजीचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचे डोळे चेंडूवर होते.