सुरीची मूठ काढली तेव्हा

लिंबू चिरलं आणि लालभडक रस टपकला. खोलीत दाटीवाटीनं बसलेली माणसं एकदम मागे सरली. कुणाच्या तरी हातातली वाटी खणकन खाली पडली, पण ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"बघा! तहान भागलेली नाही तिची!" सुरीबाबांनी डोळे गरागरा फिरवले. "दीडशे वर्षांची सुरी ही! ह्याच पात्यानं ह्या घरच्या सुनेनं स्वतःचा गळा चिरला. आत्मा पात्यात अडकला, आणि आता हिच्या हातात उतरलाय!"

ही म्हणजे घरातली धाकटी सून. सुरी तिच्याच हातात होती. आधी सासूनं, मग शेजारणीनं त्याच सुरीनं लिंबू चिरलं, तेव्हा साधा रस आला होता. दर वेळी बाबा सुरी फडक्यानं पुसून हातात देत होते. बाबांना सुरीचं वय पक्कं ठाऊक होतं. स्वतःचं वय कुणी विचारलं, की मात्र ते अनादी-अनंत होऊन जात.

"पोर हिच्या सावलीत ठेवू नका," ते म्हणाले. "आज दिवस मावळायच्या आत हिला माहेरी पोचवा. कायमची."

पोर अजून अंगावर पीत होतं. बाबा घरात आल्यापासून दोन दिवस ते आजीच्या मांडीवर रडून रडून दमलं होतं आणि सून त्याच्याकडे नुसती बघत होती. तिचा नवरा खाली मान घालून बसलेला.

हे सगळं दाराशी उभी राहून ऐकत होती घरातली थोरली लेक. ती संग्रहालयात कामाला होती. हातानं घडवलेल्या जुन्या सुऱ्या तपासून त्यांचं वय सांगायचं, हाच तिचा पेशा. पण घरच्या ह्या सुरीला तिनं जन्मात हात लावला नव्हता. लहानपणी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची ती डोळे मिटून, भिंत चाचपत. गळा चिरलेली ती बाई सुरीच्या खुंटीखाली बसलेली असते, असं तिला वाटायचं. आजही त्या खुंटीकडे बघताना तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी ती पुढे झाली.

"बाबा, बघू जरा ती सुरी."

"हात लावू नकोस! भस्म होशील!"

"झाले तर तुमचाच महिमा वाढेल की."

कुणीतरी घाबरत घाबरत हसलं. तिनं सुरी घेतली. पातं गार होतं, जड होतं. मुठीची लाकडं पात्याला धरून ठेवणारा एक रिबिट सैल झालेला दिसला. तिनं खिळा आणि बत्ता मागून घेतला.

"अगं, मूठ काढू नकोस! ती बाहेर येईल!" आई ओरडली.

"येऊ दे. मलाही तिला एकदा बघायचंच आहे."

बत्त्याचे ठोके बसले. मुठीची लाकडं सुटली. आतून किंकाळी येणार म्हणून सगळे श्वास रोखून बसले होते. आतून निघाली थोडी लाकडाची भुकटी, आणि लोखंडात दिसलं एक गोल, गुळगुळीत भोक.

"सुरीचं वय पात्यावरून काढू नये," ती म्हणाली. "पातं घासून घासून लवकर म्हातारं दिसतं. खरं काय ते मुठीच्या आत कळतं. रिबिटाला एवढं मोठं भोक कशाला लागतं?"

कोपऱ्यातला गॅरेजवाला शेजारी उठून पुढे आला. "हे तर मधल्या बोल्टचं भोक! ट्रकच्या कमानीचा पाटा आहे हा. रोज बघतो की मी!"

"तेच. तुटलेला पाटा तापवून लोहारानं ठोकलाय. दीडशे वर्षांपूर्वी ट्रक कुठून आणला बाबांनी?"

"आत्मा जुना, देह नवा!" बाबा गरजले, पण गर्जनेत आता दम नव्हता.

"मग ही स्वयंपाक करायला लागल्यापासून रोज सकाळी सुरीखाली लाल डाग कसे पडतात?" आईनं विचारलं. "आणि कांदा काळा पडतो तो? माझ्या हातून कधी पडला नाही."

थोरली सुनेकडे वळली. "तू सुरी धुतेस कशी गं?"

"राख नि लिंबू लावून, ताई. आरशासारखी लख्ख करते. काळपट होती ना फार."

"आणि आई, तू?"

"मी कुठली घासते? नुसती कोरडी पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं."

"तो काळपटपणाच अशा लोखंडाचं पांघरूण असतो. हिनं चांगली व्हावी म्हणून घासली आणि तेच काढून टाकलं. उघडं लोखंड कांद्याला काळं करतं, ओलं राहिलं की गंजतं. डाग गंजाचे आहेत, आई."

मग तिनं बाबांच्या मांडीखालचं पिवळं फडकं ओढून घेतलं. सुनेची वेळ आली तेव्हाच बाबांनी सुरी त्या फडक्यानं पुसली होती, बाकीच्यांच्या वेळी पांढऱ्यानं. तिनं घरातली दुसरी, साधी सुरी त्याच पिवळ्या फडक्यानं पुसली आणि स्वतः लिंबू चिरलं. लाल रस टपकला.

"आंबट लागलं की लाल होणारा रंग आहे हा. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो. आता मलाही माहेरातून हाकलणार का?"

बाबांनी झोळी उचलली. गॅरेजवाला दारात आडवा उभा राहिला.

आई मात्र तोंडाला पदर लावून रडत होती. "गळा नव्हता चिरला तिनं," ती म्हणाली. "माझ्या आजेसासूनं मला सांगितलं होतं. असाच कुणीतरी आला होता. ही पोराला खाईल, म्हणाला. तिच्या हातात तिचं मूल देईनात. तिनं विहीर जवळ केली. सुरीची गोष्ट मागाहून रचली, लोकांना सांगायला."

लहानपणापासून जिला भीत आली होती, ती बाई थोरलीला पहिल्यांदाच दिसल्यासारखी झाली. भूत नव्हतंच ते. घाबरलेली, पान्हा फुटलेली एक पोरगी होती, आणि ह्याच घरानं तिला मारलं होतं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, मेलेलं माणूस परत येत नाही," ती म्हणाली. "परत येतो तो हा असला माणूस, आणि दार आपण उघडतो. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा, की बघू जरा, आत काय आहे."

तोवर सून उठली होती. तिनं कुणाला विचारलं नाही. सासूच्या मांडीवरून मूल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली.