कमी वाढलंय

"कमी वाढलंय," सोनोग्राफीचा कागद उजेडात धरून डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठव्या महिन्याच्या मानाने बरंच कमी."

उज्वलाने पोटावर हात ठेवला. शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाईंचा मात्र पारा चढला.

"कोन म्हनतं कमी वाढलंय?" सिंधुबाईंनी पदर खोचला. "सायखेड्यात जाऊन इचारा. माझ्या हातचं वाढलेलं खाऊन आजपातूर कोनी उपाशी उठलं का!"

त्यात खोटं काही नव्हतं. सायखेड्याच्या पंगतींत सिंधुबाईंच्या वाढपाची दहशत होती. नको म्हणून ताटावर आडवा हात धरणाऱ्याच्या हातावरच त्या कढी ओतत. अशा बाईला कुणी तोंडावर 'कमी वाढलंय' म्हटलं तर ती दुसरा अर्थ कशाला लावील?

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, की वारेतून बाळाकडे रक्त थोडं कमी जातंय. उज्वलाने डाव्या कुशीवर आराम करायचा, जेवणानंतर बाळाच्या हालचालीकडे नीट लक्ष द्यायचं, आणि ती मंदावली तर वाट न बघता थेट इकडे यायचं. शेवटी त्या म्हणाल्या, "यात कुणाचाच दोष नाही." पण तोवर सिंधुबाई बाहेर जाऊन नवऱ्याला फोनवर झालेला अपमान सांगत होत्या, आणि उज्वला कागदावरच्या त्या राखाडी ठिपक्यांकडे बघत होती. ते शेवटचं वाक्य दोघींनीही ऐकलं नाही.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, सटाण्याला व्हायचं. पण आता प्रवास नको असं ठरलं, आणि उज्वला आणि तिचा नवरा शेखर यांच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत सिंधुबाईंचं राज्य सुरू झालं. त्याच दिवशी पुंजानाना, म्हणजे उज्वलाचे सासरे, द्राक्षाची बाग भावावर सोपवून सायखेड्याहून दाखल झाले. येताना बाजरीचं पीठ, तुपाची बरणी आणि एक छोटा पाट घेऊन आले.

पाट बाळाचा होता. त्यापुढे छोटं ताट.

"दोघांचं एकाच ताटात चाललं व्हतं," सिंधुबाईंनी निदान सांगितलं. "आई थोरली, ती खाऊन घेते. लेकराच्या वाट्याला काय ऱ्हातं? खरकटं!"

"आई, तसं नाही," उज्वला म्हणाली. "डॉक्टर वाढीबद्दल बोलत होत्या. वजन, उंची, तसं वाढणं."

"मंग मी काय येगळं म्हनते? वाढल्याबिगर वाढंल कसं?"

 हे डॉक्टरबाईंनाही खोडता आलं नसतं.

दोन्ही वेळेला बाळाचं ताट वाढलं जाऊ लागलं. डावीकडे चटणी, पण नावाला, कारण लेकराची जीभ कोवळी. उजवीकडे मटकीची उसळ, मधे वरणभात, वर तुपाची धार. मग सिंधुबाई सुनेच्या पोटापुढे उकिडव्या बसत आणि आग्रह सुरू करीत. त्यांच्या मते हा पाहुणा मुळात लाजाळू होता, आणि लाजाळू पाहुण्याला पहिल्यांदा विचारून भागत नाही. "घ्या, अजून एक घास घ्या. माझी आन हाय. आमच्याकडचं गोड लागत नाय का?"

खालच्या मजल्यावरच्या अक्काबाई मीठ मागायला आल्या, तर त्यांनाही आग्रहाला बसवलं. त्या दुसऱ्या दिवशी मीठ न मागताच आल्या.

अन्न टाकायचं नाही, म्हणून बाळाचं ताट शेवटी शेखर संपवी. आपलं स्वतःचं जेवण झाल्यावर. पंधरवड्यात त्याच्या पँटची हुकं लागेनाशी झाली आणि सातपूरच्या कारखान्यात लोक त्यालाच कितवा महिना विचारू लागले. घरात वाढ झाली ती अशी.

पण सगळ्यात कडक होता तो पंगतीचा नियम. शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचं नाही, हात धुवायचा नाही. आणि शेवटचं माणूस पोटात होतं. त्याने लाथ मारली की त्याचं जेवण झालं, असा सिंधुबाईंचा निवाडा होता. तोवर सगळे उष्टे हात वर धरून उज्वलाच्या पोटाकडे बघत बसत. शेखरची बस निघून जाई. पुंजानाना हळूच उठू बघत आणि शिव्या खाऊन खाली बसत. मग आत ढुशी बसे, उज्वला म्हणे, "झालं," आणि मोरीपाशी एकच गर्दी उडे.

उज्वलाला आधी या सगळ्याचा संताप यायचा. आपण भीतीने अर्धमेल्या झालोय आणि या माणसांनी तमाशा मांडलाय! दिवसभर कुशीवर पडून ती एकच विचार करी, की आपल्याच अंगात काहीतरी कंजूष आहे, आपल्याच पोरापर्यंत काही पोचू देत नाही. हे ती कुणाला बोलली नाही, शेखरलासुद्धा नाही. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपण जेवणाच्या वेळेची वाट बघतो. एरवी ती ढुशी हुडकत ती एकटीच असे. पंगतीत तिच्याबरोबर सगळं घर श्वास रोखून बसे.

त्या रविवारी दुपारी बाळाच्या ताटात शिरा होता. सिंधुबाईंनी आग्रह केला. पुंजानानांनी केला. अक्काबाईंनी तर आपल्या नातवंडांची शपथ घातली.

ढुशी आली नाही.

हातावरचं वरण वाळलं. कुशी बदलून झाली, पाणी पिऊन झालं. शेखरने विनोद करून पाहिला, त्याला कुणी हसलं नाही. पुंजानानांनी या वेळी उठायचं नावही काढलं नाही.

"आई," उज्वला म्हणाली. "सकाळपासून हलला नाहीये. मला वाटलं, जेवताना हलेल."

 सिंधुबाई झटक्यात उठल्या. "रिक्षा बोलव, शेखर. पाव्हनं जेवंना झालंय, त्याला बरं नाय. आन् कोनी हात धुवायचा नाय! पंगत मोडली नाय अजून."

रिक्षात चौघं आपापला उष्टा हात वर धरून बसले. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "लग्नातून उठवून आणलं का?"

पुढचं फार भराभर झालं. पट्टे लावले, ठोके ऐकले, ते मधेच संथ होत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं लगेच आलात. आता आत ठेवण्यात अर्थ नाही." ऑपरेशनच्या टेबलावर उज्वलाने एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागेही सांगितलं होतं. कुणाचंच काही चुकलं नाही."

या वेळी तिने ते ऐकलं.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण स्वतःच्या दमाने रडणारी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, असा तिथला नियम होता. सिंधुबाई दारातूनच परत फिरल्या.

"आजी, हात धुतल्याशिवाय नात दिसणार नाही," नर्सने बजावलं.

"ती जेवल्याबिगर मी धूत नसते," सिंधुबाई म्हणाल्या, आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या. पुंजानाना आणि शेखर त्यांच्या शेजारी ओळीने बसले. येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वलाला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. तिचं जे काही थेंबभर दूध निघालं, ते नर्सने वाटीत घेतलं आणि चमच्याच्या टोकाने त्या एवढ्याशा ओठांना लावलं. पोरीने तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि गिळलं. मग आणखी एकदा. वाटी रिकामी झाली, तेव्हा तिने पाय झाडला. तीच ढुशी होती. उज्वलाने ती लगेच ओळखली.

खुर्ची बाहेर आली. ओळीत तिघं तशीच बसलेली होती. सिंधुबाईंच्या बोटांवर कालचं वरण सुकून त्याचे पापुद्रे झाले होते.

"आई, उठा," उज्वला म्हणाली. "झालं तिचं जेवून."

"समदं संपवलं?"

"सगळं. आग्रहही करावा लागला नाही."

सिंधुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बेसिनपाशी गेल्या. त्यांनी नळ सोडला, आणि हात धुता धुता, पाठमोऱ्या, हमसून हमसून रडू लागल्या.